खाल्लेलं अंगी का लागत नाही? रक्तक्षय, बी-१२ आणि आतड्याचं शेवटचं दार

आत्याच्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची आणि तिला ते कळायचंच नाही. चार पावलं पुढं गेल्यावर मागून कुणीतरी हाक मारायचं, "काकी, चप्पल राहिली बघा." आम्हाला वाटलं, पट्टा सैल झाला असेल. नवी आणली. तीही निसटायला लागली.

त्याच सुमारास तिचं हिमोग्लोबिन ७.२ आलं होतं. थकवा, धाप, पायाला मुंग्या. जिभेला साधी आमटीही झोंबायची. आत्या रत्नागिरीजवळच्या एका गावात राहते, घरात आठवड्यातले चार दिवस मासळी. बांगडा, तिसऱ्या, सुकट, मिळेल ते. अन्नाची आबाळ मुळीच नाही. तरी आठ महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाला, डाळिंबं झाली. हिमोग्लोबिन ८.९ पर्यंत सरकलं. मुंग्या मात्र गुडघ्यापर्यंत चढल्या. "एवढं खाते, पण मेलं अंगीच लागत नाही," असं ती म्हणायची.

तिचं ते वाक्य अक्षरशः खरं होतं. रक्तासाठी लागणारी एक गोष्ट तिच्या ताटात होती, पोटात जात होती, पण पोटातून रक्तात उतरत नव्हती. त्या गोष्टीचं नाव बी-१२ जीवनसत्त्व. आपल्याकडे रक्तक्षयाचा विषय निघाला की लोहावर सुरू होतो आणि लोहावरच संपतो, म्हणून हा लेख.

रक्त कमी म्हणजे नेमकं काय कमी?

रक्तक्षय, म्हणजेच अ‍ॅनिमिया, हे आजाराचं नाव नाही. ताप जसा कशाकशाने येतो, तसंच याचंही आहे. रक्तातलं प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये १२ च्या खाली, पुरुषांमध्ये १३ च्या खाली आणि गरोदरपणात ११ च्या खाली गेलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येने त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया या रेषेखाली होत्या. दर दोघींत एकीपेक्षा जास्त.

यातल्या पुष्कळ जणींना खरोखरच लोह कमी असतं. पाळीत रक्त जातं, बाळंतपणं होतात, जेवणात लोह बेताचं, त्यावर जेवणाबरोबर चहा. त्यामुळे लोहाची गोळी हा पहिला उपाय असतो आणि तो योग्यच आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. महिना-दोन महिने नीट गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल, तर गोळीचा ब्रँड बदलून उपयोग नाही. मुळात कमी काय आहे, तेच पुन्हा विचारायला हवं.

कणीक आणि उंडे

लाल पेशी हाडांच्या पोकळीतल्या मगजात तयार होतात, दर सेकंदाला साधारण वीस लाख. प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हे काम एक दिवसही थांबत नाही.

पोळ्यांचं उदाहरण घेऊ. लोह म्हणजे पीठ. पीठच कमी असेल तर उंडे लहान होतात, पोळ्या चिमुकल्या आणि पातळ. लोह कमी असलेल्या रक्तातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नेमक्या तशाच दिसतात, लहान आणि फिक्या. बी-१२ चं काम वेगळं आहे. पेशीला एकाची दोन व्हायचं असेल तर आधी आपल्या डीएनएची नक्कल काढावी लागते, आणि त्या कामात बी-१२ आणि फोलिक अ‍ॅसिड ही दोन जीवनसत्त्वं लागतात. ती नसतील तर पीठ भरपूर आहे, कणीकही मळून तयार आहे, पण उंडे तोडायला हात नाही. गोळा नुसता फुगत राहतो. मोजकेच, मोठाले, बेढब उंडे निघतात आणि त्यातलेही बरेच मगजातच फुटून जातात. अशा फुटलेल्या पेशींमुळे डोळ्यांत हलकी पिवळी झाक येते. आत्याला शेजारणीने कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं ठरवलं होतं, ते त्यामुळेच.

रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसी तपासणीत पेशींच्या या आकाराचा आकडा छापलेला असतो. त्याला एमसीव्ही म्हणतात आणि तो ८० ते १०० च्या दरम्यान हवा. लोह कमी असलं की तो ८० च्या खाली जातो, बी-१२ किंवा फोलिक अ‍ॅसिड कमी असलं की १०० च्या वर. आत्याचा ११२ होता. ठळक अक्षरात छापलेला होता. आठ महिने तो कागद घरात होता आणि आम्ही सगळे फक्त हिमोग्लोबिनची ओळ वाचत होतो.

पास मिळाल्याशिवाय आत सोडत नाहीत

बी-१२ ला अन्नातून रक्तात पोचायला जेवढा आटापिटा करावा लागतो, तेवढा दुसऱ्या कुठल्याच जीवनसत्त्वाला लागत नाही. दूध, अंडी, मासे, मांस यांतलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पाचकरस ते सोडवतात. सुटं झाल्याबरोबर लाळेतून आलेलं एक प्रथिन त्याला धरतं, म्हणजे आम्लात त्याचं नुकसान होत नाही. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचा रस ते पुन्हा सोडवतो. तिथे एक दुसरंच प्रथिन त्याची वाट पाहत असतं. ते जठराच्या अस्तरातल्या पेशी तयार करतात, आणि त्याचं नाव इन्ट्रिन्सिक फॅक्टर. आपण त्याला 'पास' म्हणू.

सरकारी दवाखान्यात वॉर्डाच्या दाराशी वॉचमन बसलेला असतो. तुम्ही रुग्णाचे सख्खे भाऊ असा नाहीतर डबा घेऊन आलेले शेजारी, पास दाखवल्याशिवाय तो आत सोडत नाही. बी-१२ साठी असं दार लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे, मोठं आतडं सुरू व्हायच्या जरा आधी. सहा-सात मीटर लांबीच्या नळीत दार फक्त तिथेच. पास हातात असेल तरच बी-१२ आत जातं. त्यातही एका जेवणातून फार तर दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेतलं जातं, मग दार काही तासांपुरतं बंद. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. त्यामुळे एवढ्याने भागतं.

गर्दी प्रचंड झाली की बिनपासाचे काही जण वॉचमनची नजर चुकवून आत शिरतात. बी-१२ चंही तसंच होतं. पास असो वा नसो, तोंडावाटे घेतलेल्या मोठ्या डोसपैकी शंभरातलं साधारण एक आतड्याच्या भिंतीतून आत झिरपतं. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती दोनदा उपयोगी पडणार आहे.

एका डॉक्टरने स्वतःच्या जठरातून काढलेलं उत्तर

असा पास असतो हे कळायलाच ऐंशी वर्षं लागली. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८४९ साली अशा रुग्णांचं वर्णन केलं. माणूस हळूहळू फिकट होत जातो, कारण सापडत नाही, आणि शेवटी मरतो. १८७२ मध्ये अँटन बिअर्मर यांनी त्याला 'पर्निशस' अ‍ॅनिमिया म्हटलं. पर्निशस म्हणजे घातक. तेव्हा ते नाव शब्दशः खरं होतं, निदान झालं की दोन-तीन वर्षांत माणूस जायचा. आज उपचार आहेत, नाव मात्र तेच राहिलं आहे. रिपोर्टावर ते वाचून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत.

१९२६ साली बोस्टनमध्ये जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी ४५ रुग्णांना रोज जनावराचं अर्धवट शिजवलेलं यकृत खायला घातलं, आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. यकृताने रक्त भरून येतं हे जॉर्ज व्हिपल यांनी त्याआधी कुत्र्यांवर दाखवलं होतं. तिघांना मिळून १९३४ चं नोबेल मिळालं. पण यकृतात असं काय आहे, आणि हे रुग्ण मांसाहारी असूनही आजारी का पडतात, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

बोस्टनमध्येच विल्यम कॅसल नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांना वाटलं, निरोगी माणसाच्या जठरात असं काहीतरी आहे जे या रुग्णांच्या जठरात नाही. एका बाजूने त्यांनी रुग्णांना रोज २०० ग्रॅम गोमांस दिलं. काही फरक नाही. मग त्यांनी स्वतः सुमारे ३०० ग्रॅम खिमा खाल्ला, तासाभराने तो आपल्या जठरातून परत बाहेर काढला, उबेत ठेवून पातळ केला आणि नळीवाटे रुग्णांना दिला. आठवड्याभरात त्यांच्या रक्तात कोवळ्या लाल पेशी उसळून आल्या. मांस तेच, फक्त त्याला निरोगी जठराचा रस लागला होता. म्हणजे दोन गोष्टी लागतात, एक अन्नातली आणि एक जठरातली. जठरातली गोष्ट म्हणजे आपला पास. अन्नातली गोष्ट १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी लाल स्फटिकांच्या रूपात हाती आली. तेच बी-१२. डॉरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली, १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात हे काम मोठं होतं.

पास नसतानाही नुसत्या यकृताने रुग्ण कसे वाचले? शंभरातलं एक झिरपतं म्हणून. यकृत हे बी-१२ चं कोठार आहे. पाव किलो यकृतात शंभराहून जास्त मायक्रोग्रॅम असतं, त्यातलं एखादं-दोन झिरपलं की जीव तगला.

परळच्या प्रयोगशाळेतून आलेलं दुसरं नाव

या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईत येतो आणि दवाखान्यातल्या आजच्या गोळीपर्यंत पोचतो. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक भयंकर रक्तक्षय दिसत होता. त्यांच्या लाल पेशी मोठ्या आणि बेढब, हुबेहूब पर्निशस अ‍ॅनिमियासारख्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना विल्स यांना दिसलं की स्वस्तातलं यीस्टचं सत्त्व, मार्माइट, दिल्यावर या बायका बऱ्या होतात. आणि पर्निशस अ‍ॅनिमियात गुणकारी ठरणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क मात्र इथे चालत नाही. म्हणजे पेशी दिसायला सारख्या असल्या तरी कमतरता दोन वेगळ्या आहेत. विल्स यांच्या त्या अज्ञात घटकाला काही वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. तेच पुढे फोलिक अ‍ॅसिड ठरलं. पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं, म्हणून पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव पडलं.

गिरणगावातल्या त्या बायकांचं नाव कुठल्याही गोळीवर नाही. पण आज जगभर गरोदर स्त्रीला फोलिक अ‍ॅसिड देतात, त्याची सुरुवात त्यांच्या रक्तापासून झाली आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

"पण रक्त वाढतंय ना, मग काळजी कसली?"

आत्याची फसगत इथेच झाली. आपल्याकडे मिळणारी लोहाची गोळी बहुधा नुसत्या लोहाची नसते. सरकारी कार्यक्रमात मोठ्या स्त्रियांना जी गोळी देतात तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं. उंडे तोडायच्या कामात फोलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जोडीने राबतात. बी-१२ नसताना बाहेरून भरपूर फोलिक अ‍ॅसिड आलं, तर उंडे काही प्रमाणात तुटायला लागतात, हिमोग्लोबिन थोडं चढतं. घरच्यांना हायसं वाटतं.

पण बी-१२ चं आणखी एक काम आहे आणि त्यात फोलिक अ‍ॅसिडची मदत होत नाही. विजेच्या वायरला प्लास्टिकचं आवरण असतं तसं आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. ते धड ठेवायला बी-१२ लागतं. ते मिळालं नाही की आधी पायांना मुंग्या येतात, मग पाय नेमका कुठे पडतोय हे मेंदूला कळेनासं होतं. चप्पल निसटते आणि पत्ता लागत नाही. उजेडात डोळे पायांची चूक सांभाळून घेतात, म्हणून तोल जातो तो अंधारात, किंवा सकाळी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना. पुढे विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी. काही जणांना हे सगळं रक्त कमी होण्याआधीच होतं.

शेवटी तालुक्याच्या गावी ज्या डॉक्टरीणबाईंनी आत्याला पाहिलं, त्यांनी आधी रिपोर्ट मागितलाच नाही. आत्याच्या पायाच्या घोट्याच्या हाडावर त्यांनी थरथरणारा ट्यूनिंग फोर्क टेकवला.

"आजी, काय वाटतंय?"

"गार लागतंय."

"आणि थरथर?"

"थरथर कुठली? गार लागतंय तेवढंच."

मग म्हणाल्या, "पाय जुळवून उभ्या राहा आणि डोळे मिटा." आत्याने डोळे मिटले आणि ती सरळ पुढे कलली. डॉक्टरीणबाई आधीच हात पसरून उभ्या होत्या.

कृपा करून यातून चुकीचा अर्थ काढू नका. गरोदर बाईने लोह आणि फोलिक अ‍ॅसिडची गोळी घ्यायलाच हवी, त्यावर बाळाच्या पाठीचा कणा आणि आईचा जीव अवलंबून आहे. मुद्दा एवढाच की मुंग्या, तोल जाणं किंवा १०० च्या वरचा एमसीव्ही असेल, तर नुसत्या त्या गोळीवर महिनोन्‌महिने काढू नयेत.

पास कुणाकुणाचा हरवतो?

आत्याच्या शरीराने स्वतःच्याच जठराच्या अस्तरावर हल्ला चढवला होता. शत्रूंशी लढणारी यंत्रणा घरच्यांनाच शत्रू समजू लागली, पास तयार करणाऱ्या पेशी मेल्या, पास देणारी खिडकीच बंद झाली. खरा पर्निशस अ‍ॅनिमिया तो हाच. ज्यांना थायरॉइडचा असाच आजार आहे, अंगावर कोड आहे किंवा लहानपणापासूनचा टाइप-१ मधुमेह आहे, त्यांना याचा धोका जास्त. आत्या पंधरा वर्षं थायरॉइडची गोळी घेते. हा संबंध आम्हाला कुणी सांगितला नव्हता आणि आम्हीही विचारला नव्हता.

पण इतर कारणं याहून खूप जास्त आढळतात. वय वाढेल तसं अनेकांच्या जठरातलं आम्ल आटतं, त्यामुळे अन्नाला चिकटलेलं बी-१२ सुटंच होत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जिवाणूही जठराचं अस्तर झिजवतात. मग येते ती आपल्या घराघरातली 'गॅसची गोळी'. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, राबेप्रॅझोल. पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी लोक पाच-पाच वर्षं सकाळी अनशापोटी घेत राहतात. आम्ल दाबणं हेच तिचं काम, आणि आम्ल नसेल तर बी-१२ अन्नातून सुटत नाही.

मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दाराशी अडथळा आणतं. औषध उत्तम आहे, स्वस्त आहे, कुणी मनाने बंद करू नये. पण काही वर्षं घेणाऱ्यांनी अधूनमधून बी-१२ तपासावं, असं मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. इथे एक घोटाळा वारंवार होतो. मधुमेही माणसाच्या पायांना मुंग्या आल्या की "साखरेमुळे" म्हणून विषय मिटतो. साखरेमुळे झालेली इजा भरून येणं अवघड असतं, बी-१२ अभावी झालेली वेळेत सापडली तर बरीच भरून येते. म्हणून त्या मुंग्यांचं कारण गृहीत धरू नये.

आतड्याचं शेवटचं टोकच आजारी पडलं किंवा शस्त्रक्रियेत काढावं लागलं, तर दारच गेलं. भारतात आतड्याचा क्षय नेमका तिथेच ठाण मांडतो, आतड्याला सूज आणणारा क्रोन्स आजारही. वजन कमी करायला जठराची बायपास शस्त्रक्रिया केलेल्यांना बी-१२ जन्मभर बाहेरून घ्यावं लागतं.

"आम्ही शाकाहारी, आमचं काय?"

बी-१२ वनस्पतीत नसतं. प्राणीही ते स्वतः बनवत नाहीत, फक्त जिवाणू बनवतात. गाईच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि ते दुधात उतरतं. आपल्या मोठ्या आतड्यातही ते करणारे जिवाणू आहेत, पण दार त्यांच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे ते सगळं वाहून जातं.

शाकाहारी घरांत पुष्कळदा मुळात दारापाशी पोचणारं बी-१२ च थोडं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं हे सांगत आले आहेत. पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या त्यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं, आणि त्यात शहरी मध्यमवर्ग सगळ्यात पुढे होता.

"आम्ही दूध घेतो की" हे उत्तर लगेच येतं. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात बी-१२ साधारण पाऊण ते एक मायक्रोग्रॅम. चहात पडणारं दूध मोजा, म्हणजे हिशेब कुठे चुकतो ते दिसेल. दोन-तीन पेले दूध, ताक, दही रोज खरोखर पोटात जात असेल आणि पचनाची तक्रार नसेल, तर भागू शकतं. अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅम, बांगडा आणि तिसऱ्यांत भरपूर. रेशनच्या पोषणमूल्ययुक्त तांदळात लोह आणि फोलिक अ‍ॅसिडबरोबर बी-१२ घालतात, पण किलोला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्याचा हातभार आहे, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. स्पिरुलिनामध्ये जे असतं ते बी-१२ सारखं दिसणारं, शरीराला न चालणारं रसायन आहे. बीट, डाळिंब, खजूर यांत बी-१२ शून्य.

बी-१२ कमी असलेली आई बाळाला फक्त अंगावर पाजत असेल, तर दुधातूनही ते कमीच जातं. सहा-आठ महिन्यांचं बाळ हसायचं थांबतं, मान धरेनासं होतं, फिकट आणि सुस्त पडतं, हाताला कंप येतो. असं दिसलं तर दृष्ट काढण्यात दिवस घालवू नयेत.

"रिपोर्ट तर नॉर्मल आला"

येऊ शकतो. लोहही कमी आणि बी-१२ ही कमी, अशी जोडी आपल्याकडे सर्रास दिसते. काही उंडे फार लहान, काही फार मोठे, सरासरी काढली तर अगदी मध्यम. एमसीव्ही म्हणजे ती सरासरी. अशा वेळी आरडीडब्ल्यू नावाचा शेजारचा आकडा वाढलेला असतो, तो पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते सांगतो.

रक्तातलं बी-१२ मोजलं आणि ते २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता धरतात. २०० ते ३०० च्या मध्ये असेल आणि लक्षणं असतील, तर बी-१२ अभावी रक्तात साठणारं होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक अ‍ॅसिड तपासून खात्री करता येते. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. थकवा आला म्हणून दवाखान्यात जाऊन 'ताकदीचं लाल इंजेक्शन' घ्यायचं आणि मग तपासणी करायची, हा क्रम उलटा आहे. इंजेक्शननंतर बी-१२ चा आकडा बरेच दिवस फुगलेला दिसतो आणि मूळ आजार झाकला जातो. तपासणीसाठी रक्त आधी द्यावं, मग सुई घ्यावी.

कमतरता सापडली तरी काम अर्धंच झालं. का, ते शोधायला हवं. इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली तर पर्निशस अ‍ॅनिमिया नक्की. सापडली नाहीत तरी तो नाहीच असं म्हणता येत नाही, कारण निम्म्या-अधिक रुग्णांतच ती मिळतात. अशा रुग्णांच्या जठरात पुढे गाठी होण्याची शक्यता थोडी वाढलेली असते, म्हणून दुर्बिणीची तपासणी सुचवतात.

"इंजेक्शनची सवय लागेल"

आत्याचाही हाच हट्ट होता. सवय लागायला बी-१२ हे काही नशेचं द्रव्य नाही. विहीर आटलेल्या घराला टँकर लागतो, त्याला टँकरची सवय म्हणत नाहीत. जास्त झालेलं बी-१२ लघवीवाटे निघून जातं. यकृतात त्याचा तीन ते पाच वर्षांचा साठा असतो, म्हणूनच आजार एवढा सावकाश येतो. शाकाहारी माणसात तो आणखी सावकाश येतो, कारण पित्तातून आतड्यात आलेलं बी-१२ शरीर परत आत ओढून घेतं. पास हरवलेल्यांना तेही जमत नाही.

सुरुवातीला इंजेक्शनं जवळजवळ द्यायची, मग अंतर वाढवायचं, अशी पद्धत आहे. मज्जातंतूंवर परिणाम झालेला असेल तर इंजेक्शनच बरं. बाकी अनेकांना १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळीही चालते, पास नसला तरीही. शंभरातलं एक झिरपतं, म्हणजे हजारातले दहा. गरज दोन-अडीचची. नियम एवढाच की गोळी चुकवायची नाही, आणि कारण कायमचं असेल तर उपचारही कायमचा.

आत्याला पहिली सुई दिली तेव्हा मी शेजारी होते. काचेच्या इवल्याशा कुपीत कोकमाच्या आगळासारखं लालभडक पाणी. चौथ्या-पाचव्या दिवशी ती स्वतःहून उठून अंगणात बसली. आठवड्याने जीभ झोंबायची थांबली. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं. पायांना वेळ लागला. मुंग्या गुडघ्यावरून घोट्यावर उतरायला सहा महिने गेले, तळव्यांपाशी मात्र थांबल्या त्या थांबल्याच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी आला असतात तर त्याही गेल्या असत्या.

आता ती मागून पट्टा असलेली सँडल घालते. तोंड धुताना एक हात बेसिनवर ठेवते. आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या एका तारखेभोवती लाल पेनने गोल केलेला असतो.